अकरा वर्षांच्या चिंध्या

त्या संगीतगृहाच्या भिंतींना हात लावायचा नाही, असा नियमच होता. इमारत जुनी. म्हणजे नुसती जुनी नाही, कागदोपत्री जुनी. आणि एकदा का एखादी गोष्ट कागदोपत्री जुनी झाली, की तिचे लाड सुरू होतात आणि औषधपाणी बंद होतं. मागच्या दारावर पाटी होती: भिंतीत खिळा मारू नये, गोंद लावू नये, चिकटपट्टी लावू नये. ती पाटीही बिचारी दाराच्या कडीला दोरीने टांगलेली, कारण तिलाही खिळा चालत नव्हता.

अशा ठिकाणी सजावट करायची म्हणजे हात बांधून पोहायचं. पोहणारे दोघं. वहिनी दिव्यांचं बघायची आणि तिचा धाकटा दीर कापडाचं आणि फुलांचं. दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून शिपायापासून अध्यक्षबाईंपर्यंत सगळेच तिला वहिनी म्हणत. ती त्याला भावजी म्हणायची, मग तो अख्ख्या संगीतगृहाचा भावजी. दोघांचीही खरी नावं कुठल्या निमंत्रणपत्रिकेवर कधी छापली गेली नाहीत, त्यामुळे कोणाची काही अडचणही झाली नाही. समारंभाच्या शेवटी आभार मानायचे ते गायकांचे, पाहुण्यांचे, चहावाल्याचे आणि एका वर्षी तर ज्याने भाषणाच्या वेळी गाडीचा भोंगा वाजवायचं थांबवलं त्या ड्रायव्हरचेही मानले होते. दिवे मात्र आपोआपच लागतात, अशी जगाची समजूत.

वर्षातून एकदा छपरासाठी देणगी गोळा करायचा मोठा समारंभ व्हायचा. छप्पर जुनं झालंय, मदत करा, असं अध्यक्षबाई दर वर्षी तळमळीने सांगायच्या. जमलेल्या देणगीतून मग पुढच्या वर्षीच्या समारंभाचे पडदे यायचे, कारण चांगले पडदे असले तर देणगी वाढते म्हणे. छप्पर आपलं वर बसून वाट बघत होतं.

आता भेगेचं सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी भावजी शिडीवर चढून रंगमंचाच्या उजव्या हाताच्या भिंतीकडे टकमक बघत होता. तिथून खालपर्यंत झुलता पडदा सोडायचा होता आणि टांगायला काही म्हणजे काही नव्हतं. तेवढ्यात त्याला भिंतीत भेग दिसली. बोटभर. तो इतका खूश झाला, जणू वाटेत पाकीट सापडलं. खिशातला हातरुमाल काढून त्याने भेगेत ठासला आणि त्या रुमालाला टाचण्यांनी पडदा अडकवला.

"भावजी, नियम आहे ना?" वहिनीने खालून विचारलं.

"नियमात खिळा आहे, गोंद आहे, चिकटपट्टी आहे. चिंधीचं नाव कुठाय?"

बरोबरच होतं. मग वहिनीनेही आपली कला दाखवली. पडद्याच्या वर छतापर्यंत भेगेची वाकडी रेघ गेली होती, ती दिसायला नको. तिने पत्रा कापून त्याची पानं केली, पत्रा दिव्यासमोर लावला आणि त्या पानांची सावली भिंतीवर अशी पाडली की भेगेची फांदी झाली. पाहुणे फिदा. एक बाई तर म्हणाल्या, फांदी हलल्यासारखी वाटते. फांदी हलत नव्हती हो, पण भिंत हलत होती, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

तेव्हापासून दर वर्षी तोच उद्योग. भावजी त्या वर्षीच्या कापडाचं उरलंसुरलं भेगेत कोंबायचा आणि वहिनी फांदीला पालवी फोडायची.

या संगीतगृहाशी वहिनीचं नातं दिराच्याही आधीचं. एकोणिसाव्या वर्षी ती इथे टॉर्च धरायला लागली होती. अंधारात उशिरा येणाऱ्यांना खुर्चीपर्यंत न्यायचं, "जपून, पुढे पायरी आहे," म्हणायचं आणि भिंतीला टेकून फुकटात गाणं ऐकायचं. त्या टॉर्चवरून ती दिव्यांकडे सरकली, दिव्यांवरून वरच्या केबिनमध्ये. लग्न, मुलं, मुलांची लग्नं, सगळं बाहेर झालं. पण स्वतःचं असं जे काही होतं ते तिला इथेच मिळालं होतं. तो जुना टॉर्च अजूनही तिच्या खिशात असायचा.

तर यंदा समारंभाच्या आधीच्या मंगळवारी इंजिनिअर आला. माळ्यावर चढला आणि डोक्याला जळमटं लावून खाली उतरला. अध्यक्षबाई खाली उभ्या होत्या आणि वहिनी तिथेच बसून दिव्यांच्या काचा पुसत होती.

"तुळईचं टोक त्या उजव्या भिंतीवर टेकलंय," तो म्हणाला, "आणि भिंत बाहेर निघालीय. महिनाअखेरपर्यंत काम सुरू झालं नाही तर मी कुलूप लावायचा शेरा मारणार. मग माझ्या नावाने बोटं मोडू नका."

कुलूप म्हणजे काय ते वहिनीला चांगलं माहीत होतं. पुढच्या चौकातल्या जुन्या नाट्यगृहाला असंच तात्पुरतं कुलूप लागलं होतं. आता तिथे फर्निचरचं दुकान आहे. रंगमंचावर पलंग मांडलेत आणि गिऱ्हाइकं गाद्यांवर उड्या मारून बघतात.

अध्यक्षबाईंनी इंजिनिअरचं पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन ओढली.

"हे इथेच राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या. "लोक पडक्या घराला पैसे देत नाहीत, वहिनी, चांगल्या घराला देतात. रविवारी असा उजेड पाडा, की कालच बांधल्यासारखं दिसलं पाहिजे."

"मॅडम, पण कालच बांधल्यासारखं दिसलं तर दुरुस्तीला कोण देईल?"

"तुम्ही दिव्यांचं बघा," अध्यक्षबाई म्हणाल्या. हे वाक्य वहिनीने अकरा वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याला चाल लावता आली असती.

शनिवारी सजावट सुरू झाली. भावजी शिडीवर, वहिनी शिडी धरून. गेल्या वर्षीचं कोंबलेलं निळं कापड आत सरकून गेलं होतं. भावजीने यंदाचा हिरवा तुकडा ठासला, तो आत गेला. दुसरा ठासला, तोही गेला.

"वहिनी, एखादा टेबलक्लॉथ द्या बरं."

"अख्खा?"

"अख्खा. गेल्या वर्षी दोन नॅपकिनात भागलं होतं. यंदा भूक वाढलीय हिची."

वहिनीने हिरवा टेबलक्लॉथ वर दिला. आठ माणसांच्या टेबलाचा तो टेबलक्लॉथ भिंतीने बघता बघता गिळला. वहिनी बघतच राहिली.

"भावजी, पहिल्या वर्षी काय घातलं होतं आपण?"

"रुमाल. माझाच. तुमच्या जावेने दिलेला. त्यावरून घरात केवढं रामायण झालं होतं, विसरलात?"

रुमालापासून टेबलक्लॉथपर्यंत. इंजिनिअरने माळ्यावर चढून जे सांगितलं, ते या दोघांना दर वर्षी कापडाच्या मापात कळत होतं, आणि दोघांनीही त्यावर टाचण्या मारल्या होत्या. वहिनीने इंजिनिअरचं बोलणं भावजीला सांगून टाकलं. तो शिडीवरच बसला.

"आपण नुसतं सजवतो, वहिनी. दुखणं आपण आणलं का?"

"आणलं नाही. पण पांघरूण आपणच घातलं."

"मग आता काय करायचं म्हणता?"

"उद्या दाखवायचं."

"आणि परवा?" भावजी भडकला. "परवा सगळे विचारतील, इतकी वर्षं कोण झाकत होतं? अध्यक्षबाई आपल्याकडे बोट दाखवतील. काम जाईल, नाव जाईल. आणि नाही दाखवलं, तर निदान महिनाअखेरपर्यंत तरी..."

"महिनाअखेरनंतर इथे पलंग येतील, भावजी."

तो खाली उतरला आणि गुमान फुलं खोचत बसला. फुलं उलटी खोचतोय, हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

रविवारी दुपारी चारला समारंभ. बाहेर लख्ख ऊन, पण संगीतगृहाच्या आत बाराही महिने रात्रच. एक खिडकी नाही. वहिनी वर केबिनमध्ये बसली होती. तिने दिवे लावले होते ते खरं सांगायचं तर तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवे होते. सोनेरी उजेडात सगळं न्हालं होतं, पोपडे उडालेले खांब लोण्यासारखे मऊ दिसत होते, आणि उजव्या भिंतीवरच्या फांदीला तर यंदा फुलंसुद्धा आली होती. वहिनीला स्वतःचाच अभिमान वाटला आणि लगेच स्वतःचीच लाजही वाटली.

पाहुणे आले. पुढच्या रांगेत बसली दमडीआजी. गावातली सगळ्यात श्रीमंत म्हातारी. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. तिलाही ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. कुठलीही वस्तू हाताने चाचपून बघितल्याशिवाय तिचा विश्वास बसायचा नाही. आत येताना तिने दारातली फुलंही चिमटीत धरून बघितली होती, खरी आहेत का म्हणून. अकरा वर्षं ती दर समारंभाला यायची, चहा प्यायची, दोनदा खायची आणि देणगीचं कार्ड कोरंच परत करायची.

गाणं झालं. अध्यक्षबाई माईकसमोर उभ्या राहिल्या आणि देणगीची कार्डं सगळ्यांच्या हातात पडली.

"आपल्या या लाडक्या वास्तूच्या छपराला..." अध्यक्षबाईंनी सुरुवात केली.

"काय धाड भरलीय छपराला?" दमडीआजीने मोठ्याने विचारलं. म्हातारीला कमी ऐकू यायचं, म्हणून ती ओरडून बोलायची. "माझ्या घरापेक्षा छान आहे की! मीच येऊन राहते इथे."

सगळे हसले. वरून वहिनीला स्पष्ट दिसलं, लोकांनी हसत हसत कार्डं खिशात टाकली. पेनं बंद झाली. एकाने तर कार्डाची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

तिच्या मनात आलं, ही आपली करणी. आपण इतकं छान काम केलं, की घर मेलं.

तिने एकेक करून सगळे दिवे बंद केले. सोनेरी उजेड गेला, फांदी गेली, फुलं गेली. क्षणभर गडद अंधार झाला. आणि मग तिने झाडलोटीच्या वेळी लावतात ते छताचे पांढरे दिवे लावले, सगळेच्या सगळे, भसकन.

खांबांचे पोपडे दिसले. छताचे डाग दिसले. भेग छतापासून पडद्यापर्यंत काळीकुट्ट उतरलेली दिसली. शिवाय कोणाकोणाच्या केसांना कलप आहे, कोणाच्या चेहऱ्यावर पावडर थापलीय, तेही दिसलं, पण तो भाग वेगळा. केबिनमधला फोन खणखणला. "वहिनी! वेड लागलं का तुम्हाला?" अध्यक्षबाई दातओठ खात कुजबुजत होत्या.

आणि खाली काय झालं म्हणता? टाळ्या! कडकडून टाळ्या!

"वा! काय कल्पना आहे!" कोणीतरी म्हणालं. "अगदी खरी भेग वाटते!"

"कोणी रंगवलीय हो?"

"दर वर्षी काहीतरी नवीन करतात बाई ही माणसं!"

घ्या! अकरा वर्षं खोट्यावर लोकांनी विश्वास ठेवला आणि आज खरं दाखवलं तर म्हणे काय सुंदर खोटं आहे! वहिनीला रडू फुटलं आणि त्याच वेळी डोक्यात अशी सणक गेली, की ती केबिनचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून खाली आली आणि तशीच चालत रंगमंचासमोर गेली. हाताला काजळी, डोक्याला फडकं. आपले दिवे लावायला एक माणूस असतं, हे पाहुण्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

"रंगवलेली नाही," ती म्हणाली. "खरी आहे."

लोक आणखी हसले. याही बाई नाटकातल्याच, असं त्यांना वाटलं.

"रंगवलंय मात्र छान," दमडीआजी ओरडली.

"आजी, हात लावून बघा मग."

ही गोष्ट म्हातारीला पटली. ती काठी टेकत उठली. अध्यक्षबाई मध्ये आल्या, तर तिने काठीने त्यांना बाजूला केलं. वहिनीने भावजीकडे बघितलं. तो खांबाआड लपला होता. एक क्षण तो तसाच उभा राहिला, मग बाहेर आला, शिडी आणून भिंतीला लावली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. चेहरा असा, की दात काढायला आलाय. पण आला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची दमडीआजी शिडी चढायला लागली. पाठीशी वहिनी, एक हात म्हातारीच्या कमरेला आणि दुसऱ्या हातात टॉर्च.

"जपून, पुढे पायरी आहे," वहिनीच्या तोंडून आपोआप निघालं.

"शिडीला पायरी नसेल तर काय असेल, अगं बाई!" म्हातारी म्हणाली. लोक पुन्हा हसले.

म्हातारीने भेगेपाशी हात नेला, बोटाने चाचपलं आणि हिरवं कापड चिमटीत धरून ओढलं. आधी टाचण्या सुटल्या. एवढा मोठा झुलता पडदा सळसळत खाली आला तो थेट अध्यक्षबाईंच्या अंगावर. मग टेबलक्लॉथ बाहेर आला. येतच राहिला. लोक पोट धरून हसत होते. पाठोपाठ दोन हिरवे तुकडे, मग गेल्या वर्षीचा निळा, त्याच्या आधीचा केशरी. म्हातारीचा हात कोपरापर्यंत भिंतीत गेला. जांभळा आला. पांढरा आला. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा लहान.

"हा आपल्या लेकीच्या लग्नाच्या वर्षीचा," खालून कोणीतरी हळूच म्हणालं. "हेच कापड होतं टेबलांवर. मला आठवतंय."

मग हसू कमी होत गेलं. ज्याला त्याला आपापलं वर्ष ओळखू यायला लागलं. आपण इथे जेवलो, गाणं ऐकलं, कार्ड कोरं परत केलं, ती सगळी वर्षं भिंतीतून बाहेर निघत होती. म्हातारीचा हात खांद्यापर्यंत आत गेला. शेवटी तिच्या हातात एक मळका, चुरगळलेला हातरुमाल आला.

आणि रुमालाच्या मागोमाग ऊन आलं.

बाहेरचं, दुपारचं, साधं ऊन. सुरीच्या पात्यासारखी त्याची एक तिरीप भिंतीतून आत आली, म्हातारीच्या पांढऱ्या केसांवरून गेली आणि समोरच्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीवर पडली. दीडशे वर्षांत त्या घरात ऊन कधी आलं नव्हतं. तिथला एवढा एकच उजेड वहिनीने लावलेला नव्हता, आणि आता तो खोटा आहे असं कोणीही म्हणत नव्हतं.

"बडा घर, पोकळ वासा," दमडीआजी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. मग वहिनीकडे वळली. "हे कोणी कोंबलं?"

"आम्ही, आजी. दर वर्षी." वहिनी म्हणाली. "सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. छान दिसावं म्हणून."

खाली शिडी धरलेल्या भावजीने डोळे मिटून घेतले होते.

"मला खाली उतरव," म्हातारी म्हणाली. "आणि ते कार्ड आण इकडे. पेन माझ्याकडे आहे. अकरा वर्षं आणतेय, शाई वाळलेली नसली म्हणजे झालं."

पेनात शाई होती. म्हातारीने लिहिलं आणि ते बघून मागच्या रांगांमध्ये खिसे चाचपण्याची एकच घाई उडाली. टेबलाच्या पायाखालचं कार्डसुद्धा बाहेर निघालं आणि टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं.

अध्यक्षबाई तोवर पडद्यातून डोकं बाहेर काढून उभ्या होत्या. त्यांनी सगळी कार्डं हसतमुखाने स्वीकारली, पाहुण्यांना निरोप दिला आणि दार लागल्याबरोबर वहिनी-भावजींना सांगितलं, की उद्यापासून येऊ नका.

"हात दाखवून अवलक्षण," घरी जाताना भावजी म्हणाला. तो रुमाल तेवढा त्याने खिशात ठेवला होता. छप्पर वाचलं होतं, आणि त्या छपराखाली वहिनीला जागा नव्हती. चौकातल्या फर्निचरच्या दुकानावरून जाताना तिने मान वळवली आणि डोळे पुसले.

बारा दिवसांनी सकाळीच दारात अध्यक्षबाई. पर्स पोटाशी धरलेली आणि तोंड कडू औषध घेतल्यासारखं.

"चला," त्या म्हणाल्या. "काम सुरू झालंय."

"मॅडम, तुम्हीच तर म्हणालात..."

अध्यक्षबाईंनी पर्समधून दमडीआजीचं कार्ड काढून पुढे धरलं. आकड्याखाली म्हातारीने वाकड्यातिकड्या अक्षरात एक अट लिहिली होती; त्या रविवारी घाईत अध्यक्षबाईंनी नुसता आकडाच वाचला होता. वहिनीने ती दोनदा वाचली. काम पूर्ण होईपर्यंत दिवा तिनेच धरायचा, जिने भेग दाखवली. कापडवाल्यालाही ठेवावं, पण त्याच्यावर लक्ष असू द्यावं.

वहिनी गेली तेव्हा आत बांबूंचं जंगल उभं राहिलं होतं. निरोप मिळताच तिच्याआधी पोहोचलेला भावजी खुर्च्यांवर धूळ बसू नये म्हणून चादरी घालत होता. वर परांची बांधलेली, आणि तिच्यावर भेगेशी नाक लावून बसलेला गवंडी अंधाराला शिव्या देत होता. वहिनीने सोनेरी दिव्यांना हात लावला नाही. साधा पांढरा दिवा बांबूला बांधला आणि तोंड भेगेकडे वळवलं.

"जरा डावीकडे," गवंडी वरून म्हणाला. "आणखी थोडा... हां! बरं झालं आलात, वहिनी. आता सगळं दिसतंय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या दिव्याबद्दल कोणीतरी तिच्या तोंडावर चांगलं बोललं होतं. ती नुसतीच दिव्याची मान धरून उभी राहिली आणि नाक ओढत राहिली.

"अहो, खाली कोण आहे?" गवंड्याने पुन्हा हाक मारली. "एखादी चिंधी आहे का तुमच्याकडे? इथे जरा..."

"नाही!" वहिनी आणि भावजी एका सुरात ओरडले.

गवंडी दचकून खाली बघायला लागला. हात पुसायला हवी होती हो, असं काहीतरी तो पुटपुटला आणि त्याने आपले हात आपल्याच सदऱ्याला पुसले.